साडेचार मीटर

"सूर्य कुठून येतो?" काकांनी विचारलं.

पडद्यांसाठी खिडकीच्या मापांचा कागद मी पुढे केला होता, त्याकडे त्या कापडवाल्या काकांनी बघितलंही नाही. "पूर्वेकडून," मी म्हणाले. शाळेतलं उत्तर तोंडातून निघून गेलं. मागे ताके रचणारा मुलगा खुदकन हसला. काका हसले नाहीत. "तुमच्या खिडकीत म्हणतोय मी, ताई. सकाळचं ऊन येतं की दुपारचं? की येतच नाही?"

मला माहीत नव्हतं. नव्या घरात येऊन तीन आठवडे झाले होते आणि हॉलच्या खिडकीवर दोन जुन्या चादरी चिमटे लावून टांगलेल्या होत्या. त्या आम्ही दिवसासुद्धा काढत नव्हतो, कारण पुन्हा लावायला स्टूल घेऊन चढावं लागायचं. म्हणजे ऊन कुठून येतं हे कळायला आधी त्या चादरी काढायला हव्या होत्या.

"मग उद्या दिवसभर बघा आणि परवा या," काका म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

गिऱ्हाईक असं रिकाम्या हाताने परत पाठवणारा दुकानदार मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर रागच आला. रजा टाकून गेले होते. घरी येऊन लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, फोनवर दहा मिनिटांत होतं ते." तिला आठवण करून दिली की फोनवर दहा मिनिटांत झालेले पडदे माळ्यावर पडून आहेत.

त्या पडद्यांची गोष्ट अशी. आधीच्या घरासाठी ते एका ऑनलाइन ठिकाणाहून मागवले होते. फोटोत राखाडी होते, खिडकीवर चढल्यावर शेवाळी दिसायला लागले. माप मी काचेचं दिलं होतं, रॉडचं नाही, त्यामुळे पूर्ण ओढले तरी दोन्ही कडांनी दोन-दोन बोटं उजेड आत यायचा. आणि पहिल्याच धुण्यात ते आटून जमिनीपासून टीचभर वर गेले. यात विकणाऱ्याची चूक किती आणि माझी किती, तर निम्मी-निम्मी. माझी निम्मी जरा मोठी. मी मुद्रितशोधक आहे, दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरते, त्यामुळे हे लिहिताना फारसं बरं वाटत नाहीये.

तर परवा गेले. ऊन दुपारचं होतं. चांगलं तीन-साडेतीन तास, थेट सोफ्यापर्यंत. हे ऐकल्यावर काकांनी मान डोलावली आणि पहिल्यांदा माझा कागद हातात घेतला.

दुकान किती जुनं आहे हे पाटीवरून कळत नाही, पाटी नवी आहे. कळतं ते काउंटरवरून. लांबच लांब लाकडी काउंटर, आणि त्याच्या पुढच्या कडेला मीटरची पितळी पट्टी ठोकलेली. शून्याकडची पहिली चार-पाच बोटं घासून इतकी गुळगुळीत झालीत की तिथल्या खुणा गेल्यात. कापडाचं टोक तिथेच धरून ओढत ओढत मोजतात ना, त्याने. पट्टीच्या खाली लाकडातच कोरलेल्या आणखी दोन खाचा आहेत, त्या गजाच्या. मीटर गजापेक्षा साधारण साडेआठ सेंटीमीटरनी मोठा, तेवढीच पितळी पट्टी जुन्या खाचेच्या पुढे गेलेली दिसते. काकांच्या वडिलांनी खाचा पाडल्या, काकांनी पट्टी ठोकली, आणि काकांचा मुलगा आता लेझरच्या यंत्राने मोजतो. पण कापड फाडायची वेळ आली की तोही पट्टीवरच येतो.

ताका उलगडण्याचा एक आवाज असतो. कितीतरी वर्षांनी ऐकला. ताके रचणारा तो मुलगा ताका दोन्ही हातांनी काउंटरवर आपटत उलटापालटा करायचा, धप्, धप्, धप्, आणि दर धप् ला हातभर कापड मोकळं व्हायचं. चार-पाच ताके उलगडले की काउंटरवर डोंगर. मला तेव्हा फार अपराधी वाटतं, एवढं सगळं काढायला लावलं आणि घेतलं नाही तर? त्या मुलाला त्याचं काहीच नव्हतं. तो पुढचा ताका काढायला शिडीवर चढलेला असायचा.

आता हिशोब. मी घरून साडेचार मीटर काढून आणले होते. खिडकी 6 फूट रुंद, वरच्या चौकटीपासून जमिनीपर्यंत 7 फूट. पडद्याच्या कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, 48 इंच. म्हणजे दोन पन्हे लावले की खिडकी झाकते, 7 फुटांचे दोन तुकडे, 14 फूट, सव्वाचार मीटर आणि वर थोडं. नवऱ्याने तपासून दिलं होतं. तो इंजिनिअर आहे.

काकांनी कागद उलटा केला आणि पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहायला लागले. रॉड खिडकीएवढा नाही घ्यायचा, दोन्ही बाजूंना एकेक फूट जास्त. का, तर पडदा उघडल्यावर त्याची जी जुडी होते ती काचेसमोर नको, भिंतीसमोर हवी, नाहीतर दिवसाचा निम्मा उजेड पडदाच खातो. म्हणजे रॉड 8 फूट. मग चुण्या. कापड रॉडच्या निदान दुप्पट हवं, नाहीतर ओढल्यावर ते पडद्यासारखं न दिसता टांगलेल्या चादरीसारखं दिसतं. (मी गप्प.) पातळ जाळीदार कापड असेल तर अडीचपट, तिप्पटसुद्धा. आपलं दुप्पट धरू. 16 फूट, 192 इंच, भागिले 48, चार पन्हे.

"चार?" मी.

"आता उंची." रॉड चौकटीच्या सहा इंच वर लावायचा, वरून उजेड झिरपू नये म्हणून. 90 इंच. खाली दुहेरी दुमड आणि वर चुण्यांच्या पट्टीचं धरून आणखी 12. एका पन्ह्याला 102 इंच. चार पन्ह्यांचे 408. म्हणजे जवळजवळ 10 मीटर 40.

साडेचारचे साडेदहा झाले होते आणि अजून कापड ठरायचं होतं.

कापड मी मनात ठरवूनच ठेवलं होतं, पहिल्या दिवशी आल्या आल्या. वरच्या फळीवर होतं ते. फिक्या पार्श्वभूमीवर मोठाली लाल-निळी फुलं आणि त्यांतून वळत जाणारी वेल. छीट म्हणतो ना आपण, तशी. या छिटेवर माझा जरा जीव आहे आणि त्याला कारण आहे. मागे कापडांच्या इतिहासावरचं एक पुस्तक माझ्याकडे तपासायला आलं होतं. त्यात वाचलं की इंग्रजीतला 'चिंट्झ' हा शब्द आपल्या छिटेवरून गेलेला, आणि 'कॅलिको' हा कालिकतवरून. हे रंगीत छापील कापड तिकडे इतकं खपायला लागलं की तिथले विणकर बिथरले. फ्रान्सने 1686 मध्ये बंदी घातली, इंग्लंडने 1721 मध्ये कायदा केला: असलं कापड अंगावर घालायचं नाहीच, घरात पडद्या-गाद्यांनाही वापरायचं नाही. पडद्याच्या फुलांवर सरकारने कायदा करायचा! इंग्लंडमधला तो कायदा 1774 पर्यंत टिकला. प्रूफ वाचताना मी समासात 'साल तपासावे' असं लिहिलं होतं, कारण मला खरंच वाटेना. लेखकाने तपासलं, बरोबर होतं.

एवढी सगळी पार्श्वभूमी काकांना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "हो, पण ह्याचा रिपीट चोवीसचा आहे."

म्हणजे असं की नक्षी दर 24 इंचांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. चार पन्हे शेजारी शेजारी जोडायचे तर फुलाला फूल जुळलं पाहिजे. त्यासाठी प्रत्येक तुकडा नक्षीच्या एकाच जागेपासून कापावा लागतो. 102 इंच हवेत, पण 102 ला काही 24 ने भाग जात नाही. पुढचा भाग जाणारा आकडा 120. म्हणजे दर तुकड्यामागे 18 इंच नुसते जुळवणीत जाणार. चार तुकड्यांचे 72. एकूण 480 इंच, 12 मीटर 20 सेंटीमीटरच्या आसपास.

"न जुळवता शिवलं तर?" मी विचारलं. कंजूषपणा, दुसरं काय.

काकांनी ताका दोनदा उलगडून एका कडेशेजारी दुसरी कड मुद्दाम चार बोटं खालीवर धरली. अर्धं लाल फूल आणि त्याच्या शेजारी निळ्या पानाचा देठ. ओळ तुटून पुढच्या पानावर भलतीच ओळ आल्यासारखं. हा माणूस मला ओळखत नव्हता, माझा धंदाही त्याला माहीत नव्हता, पण मुद्रितशोधकाला नेमकं काय दाखवायचं ते त्याला बरोबर सापडलं होतं. "रोज दिसेल ते," एवढंच म्हणाले.

जुळवूनच घेतलं.

त्याआधी रंग बघायला दुकानाबाहेर जावं लागलं. आत ट्यूबलाइट होत्या. मुलाने ताक्याचं टोक खांद्यावर टाकलं आणि पायरीवर जाऊन उभा राहिला, मी समोर. बाहेर लाल थोडा विटकरी निघाला आणि निळा अगदी तोच राहिला. काका म्हणाले, सोफ्याच्या कापडाचा तुकडा आणलाय ना, तो पण इथेच धरा, आत जुळलेले रंग बाहेर भांडतात. हे मात्र मला माहीत होतं! दोन रंग एका दिव्याखाली सारखे दिसतात आणि दुसऱ्या दिव्याखाली वेगळे, कारण ते वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेले असतात. छपाईत याच भानगडीमुळे रंगीत प्रूफ ठरलेल्या प्रकाशातच बघायचं असतं, 5000 केल्विनच्या. खिडकीपाशी उभं राहून मुखपृष्ठ पास करणाऱ्यांना मी इतकी वर्षं बोलत आलेय, आणि स्वतः ते शेवाळी पडदे फोनच्या पडद्यावर पास केले होते. काकांचं म्हणणं आणखी एक होतं: तुकडा घरी न्या, पडदा जिथे लागणार तिथे धरा, सकाळी एकदा, संध्याकाळी दिवे लावल्यावर एकदा. नेला. संध्याकाळी पिवळ्या दिव्यात निळा जवळजवळ काळा दिसत होता. मला आवडला तसाच. लेकीला नाही.

आणि उन्हाचं काय, तर अस्तर. एवढ्यासाठीच तो पहिला प्रश्न होता. दुपारचं ऊन रोज पडलं तर आधी रंग जातो आणि मग धागाच जिरतो. रेशीम तर उन्हात फार लवकर कुजतं, घडीवर फाटायला लागतं. काका म्हणाले, तुमच्या खिडकीत रेशीम मागितलं असतंत तर दिलं नसतं. माझ्या डोक्यात रेशीम नव्हतंच, पण आपण काही मोठी चूक टाळली असं वाटून बरं वाटलं. मागे साधं फिकं अस्तर, फुलं आतून आणि ऊन अस्तराच्या वाट्याला. अस्तर विटलं की तेवढंच बदलायचं. ते मात्र शिवायच्या आधी पाण्यातून काढून घ्या, कारण दोन कापडं कमी-जास्त आटली की पडदा कडेला गोळा होतो.

इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. मग मी सोफ्याचा विषय काढला.

सोफ्याला मला लिनन हवं होतं. मासिकांतल्या घरांमध्ये असतं तसं, जरा चुरगळलेलं, वाळूच्या रंगाचं. सध्याचं सोफ्याचं कापडही लिननच आहे, असं आम्हाला तो घेताना सांगण्यात आलं होतं, त्याचाच तुकडा मी मागच्या शिवणीतून कापून नेला होता. काकांनी तो चिमटीत धरून चोळला. मग टेबलाखालून पत्र्याचं एक झाकण आणि लायटर काढला, तुकड्याच्या कडेचा एक धागा ओढला, छोट्या चिमट्यात धरला आणि पेटवला.

धागा जळण्याआधी आक्रसला. ज्योतीपासून लांब पळाल्यासारखा मागे गेला, मग वितळला, आणि टोकाला काळा मणी झाला. गार झाल्यावर काकांनी मणी माझ्या तळहातावर ठेवला. कडक, नखाने फुटेना. मग त्यांनी दुकानातल्या खऱ्या लिननचा धागा ओढून तोच प्रयोग केला. तो सरळ पेटला, कागद जळल्यासारखा वास आला आणि मागे राखाडी राख राहिली, फुंकर मारली तर उडून गेली. "लोकर किंवा रेशीम असतं तर केस जळल्याचा वास आला असता," काका म्हणाले. मणी म्हणजे पॉलिएस्टर. आठ वर्षं आम्ही पाहुण्यांना लिनन म्हणून दाखवत होतो त्या सोफ्याला.

आणि मजा अशी की त्यानंतर काकांनी त्या पॉलिएस्टरची बाजू घेतली. "आठ वर्षं टिकलं ना? लिनन हातांच्या कडांना कधीच विरलं असतं." मग त्यांनी विचारलं, घरात मांजर आहे का. आहे. मग तुम्हाला हे नको, हे नको, हे तर मुळीच नको, असं म्हणत त्यांनी माझ्यासमोरचे तीन कॅटलॉग मिटले. जाडजूड विणीचं, ज्यात धाग्याचे फासे वर दिसतात असलं कोणतंही कापड मांजरीला नख अडकवायला आयतं. एक फासा ओढला की ओळच्या ओळ उसवते. मखमल घ्या, म्हणाले. मला वाटलं थट्टा करतायत. पण बारीक लवेच्या मखमलीत फासे नसतात, वर नुसती कापलेली लव, नख अडकायला काही नाही, म्हणून मांजरीला तिच्यात रस नसतो. हे मी नंतर मांजर पाळणाऱ्या दोघींना विचारलं, दोघी हो म्हणाल्या.

त्यांच्या मुलाने मधेच कॅटलॉगच्या मागचा आकडा दाखवला: मार्टिन्डेल 40,000. म्हणजे काय, तर त्या नावाच्या यंत्रात कापड ठरलेल्या दाबाने लोकरीच्या कापडावर घासत ठेवतात, सरळ नाही, वळणावळणाने, आणि धागे तुटेपर्यंत फेरे मोजतात. घरातल्या रोजच्या सोफ्याला साधारण 15,000 ते 25,000 फेरे झेलणारं कापड पुरतं. मुलगा हे फार छान समजावून सांगत होता. काका मात्र तोवर त्याच मखमलीवरून बोट उलटं-सुलटं फिरवत बसले होते. एका दिशेने फिरवलं की फिकी, उलट फिरवलं की गडद. "ही लव सगळ्या उशांवर एकाच बाजूला पडली पाहिजे. नाहीतर एकाच ताक्यातून कापलेला सोफा दोन रंगांचा दिसतो. कारागिराला हे सांगून ठेवा. आकडा सगळेच बघतात." मुलाने डोळे फिरवले. घरोघरी तेच.

मखमल अजून घेतलेली नाही. पैसे पडद्यात गेले. आणि फोमचा प्रश्न त्याआधी आहे, कारण काकांचं म्हणणं की खचलेल्या उशांवर नवं कापड म्हणजे मळक्या कपड्यावर इस्त्री. फोमची डेन्सिटी 32 घ्या, 40 घ्या, तो आकडा एका घनमीटरमागे किती किलो वजन एवढाच असतो. तो फोम कडक आहे की मऊ हे त्यावरून कळत नाही. मी इतकी वर्षं धरून चालले होते की आकडा मोठा म्हणजे बसायला कडक. तर तसं नाही. जड फोम मऊही असतो, आणि हलका कडक फोम दुकानात मस्त वाटतो आणि वर्षभरात बसतो. उशी घेऊन या, म्हणाले, बघून सांगतो.

आता एवढं कौतुक केलं म्हणजे हे दुकान सगळ्यांनी डोक्यावर घ्यावं असं नाही. काकांची आवड भयंकर आहे. मी ठरवलेल्या फुलांच्या पडद्याला त्यांनी सोनेरी गोंडे सुचवले आणि मी नको म्हटल्यावर पुन्हा दोनदा सुचवले. बिछान्याच्या चादरी मी त्यांच्याकडून घेणार नाही, तिथे चारच रंग आहेत आणि त्यांपैकी दोन जांभळे. (चादरींच्या खोक्यावर हजार-हजार धाग्यांचे आकडे असतात तेवढे मात्र मनावर घेऊ नका. एका पिळातले बारीक धागे सुटे सुटे मोजून तो आकडा फुगवलेला असतो.) एकदा फाडलेलं कापड परत घेत नाहीत, ते ठीक. पण पडदे दहा दिवसांत देतो म्हणून तेविसाव्या दिवशी दिले, आणि दर वेळी फोन केला की "झालंच आहे ताई, फक्त अस्तर राहिलंय". अस्तर काय दर आठवड्याला नव्याने राहत होतं?

त्या फेऱ्यांत मला बसायला जी खुर्ची मिळायची तिच्याबद्दल सांगायला हवं. गोल वेताची बैठक, वाकवलेल्या लाकडाची पाठ, हलकी, जरा कुरकुरणारी. थोनेटची जी 14 नंबरची खुर्ची म्हणतात तशा घडणीची. लेक एकदा माझ्याबरोबर आली होती, ती म्हणाली, ही जुन्या लोकांची मजबूत खुर्ची, नाहीतर आपलं ते खोक्यातून आलेलं पुस्तकांचं कपाट. ते कपाट तिनेच जोडलंय आणि एक स्क्रू उरलाय, त्याबद्दल घरात बोलायचं नाही असं ठरलंय. पण मिखाएल थोनेटने 1859 मध्ये ही खुर्ची काढली तीच मुळी सुट्या भागांत: लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या. वाफेवर बीचचं लाकूड वाकवायचं तंत्र त्याने बसवलं म्हणून हे जमलं. लेकीने खुर्ची उलटी करून स्क्रू मोजले. एक कमी होता. तिला फार आनंद झाला.

तेविसाव्या दिवशी कारागीर आला, रॉड लावला, पडदे चढवले. फुलाला फूल जुळलेलं, जोड शोधून सापडेना. दुपारी ऊन आलं तेव्हा मागून अस्तर उजळलं आणि वेल भिंतीवर आपोआप उगवल्यासारखी दिसली. मी खाली वाकून बघितलं तर खालची दुमड पांढऱ्या दोऱ्याने कच्ची टाचलेली. अर्धवट काम! मी फोन लावणार तेवढ्यात कारागीर म्हणाला, तसंच ठेवायचंय. जड कापड टांगलं की स्वतःच्या वजनाने थोडं उतरतं, काही दिवस लोंबू द्यायचं आणि मग खालची शिलाई पक्की करायची. आठ दिवसांनी येतो.

आठ दिवसांनी खरंच आला. गुडघ्यावर बसून डावीकडून टाचण्या लावत निघाला. डाव्या कडेला पडदा जमिनीपासून अर्धा इंच वर होता, हवा होता तसा. उजव्या कडेला पोचला तेव्हा कापड फरशीवर टेकून दुमडलं होतं. तो मान वाकडी करून बघत राहिला, मग टेप काढून रॉडपासून फरशीपर्यंत तीन ठिकाणी मोजलं. डावीकडे, मध्ये, उजवीकडे. "ताई, माप कुठे घेतलं होतं?"

डावीकडे. फक्त डावीकडे. काकांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, तीन जागी मोजा, आणि मी कागदावर तीन आकडे लिहिलेही होते. फक्त मोजलं एकदाच होतं आणि उरलेले दोन तसेच उतरवले होते. एखाद्या लेखकाने हे केलं असतं तर मी त्याला काय काय ऐकवलं असतं.

"रॉड तिरका लागलाय," नवरा आतून येत म्हणाला. कारागिराने पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी रॉडवर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्यावर. मग तीच नळी फरशीवर ठेवली आणि आम्ही तिघंही त्या बुडबुड्याकडे बघत राहिलो. ताबा घेताना नवऱ्याने फोनवर पातळीचं ॲप लावून सगळ्या खोल्या तपासल्या होत्या आणि अगदी सपाट आहे म्हणून बिल्डरच्या माणसाला सहीही दिली होती.

कारागिराने काही न बोलता टाचण्या काढल्या आणि फरशीच्या उताराप्रमाणे पुन्हा लावायला घेतल्या. नवरा लेकीच्या जुन्या डब्यातली गोटी घेऊन आला आणि खिडकीपाशी जमिनीवर ठेवली. ती क्षणभर थांबली, मग सावकाश डावीकडे निघाली, आणि मांजर तिच्या मागे.